जुन्या लॅपटॉपवर दोन बाहेरचे मॉनिटर कसे चालवावेत

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. लॅपटॉप २०१२ सालचा, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, ग्राफिक्स त्यातलंच एचडी ४०००. कडेला एक व्हीजीए, एक एचडीएमआय आणि यूएसबीचे तीन पोर्ट, डिस्प्लेपोर्ट नाही. फुल एचडीचे दोन मॉनिटर जोडायचे आहेत आणि लॅपटॉपची स्क्रीनही सोबत चालू राहायला हवी. आधी एचडीएमआयचा स्प्लिटर लावून पाहिला, तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र आलं. मग एक मॉनिटर व्हीजीएला, दुसरा एचडीएमआयला लावला. तिसरी स्क्रीन चालू करायला गेलात की सेटिंग सेव्ह होत नाही असा संदेश येतो. लॅपटॉप बदलावा लागेल का, हा तुमचा प्रश्न.

बाहेरचे दोन्ही मॉनिटर एका वेळी, वेगवेगळ्या चित्रांसह चालतील, आणि त्यासाठी बहुधा काही विकतही घ्यावं लागणार नाही. लॅपटॉपची स्क्रीन त्यांच्या जोडीला तिसरी म्हणून चालेल का, हे मात्र तिच्या आतल्या जोडणीवर आणि तुमच्या कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. म्हणून आधी अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो. ते कळलं की कुठली वस्तू घ्यायची आणि कुठली नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

या कामात बहुतेक जण आधी पोर्ट मोजतात. पोर्ट म्हणजे फक्त बाहेर पडायच्या वाटा. खरी मर्यादा ग्राफिक्स चिपच्या आत असते. स्क्रीनवर जे दिसतं ते चित्र मेमरीत साठवलेलं असतं. चिपमधला एक भाग ते चित्र सेकंदाला ६० वेळा, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचतो आणि पोर्टकडे पाठवतो. या भागाला डिस्प्ले पाइप म्हणतात. एक पाइप एका वेळी एकच चित्र वाचतो. त्यामुळे चिपमध्ये जितके पाइप, तितकीच वेगवेगळी चित्रं. मग लॅपटॉपला पोर्ट दोन असोत की पाच. आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनसुद्धा यातलाच एक पाइप घेते.

स्प्लिटरचं कोडं इथेच सुटतं. स्प्लिटर लॅपटॉपला 'मी एक मॉनिटर आहे' असं सांगतो. लॅपटॉप त्याला एक चित्र देतो आणि स्प्लिटर त्याच्या प्रती काढून दोन्हीकडे पाठवतो. वर्गात किंवा सभागृहात एकच गोष्ट दोन पडद्यांवर दाखवायची असेल तर तो अगदी योग्य आहे. तुमचा स्प्लिटर बिघडलेला नाही. पण कितीही महागडा घेतला तरी साधा स्प्लिटर दोन वेगळी चित्रं देणार नाही, म्हणून त्या दिशेने आणखी प्रयोग करू नका.

आता कुठल्या चिपमध्ये किती पाइप ते पाहू. इंटेलच्या २०११ च्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे एचडी ३००० मध्ये, दोन. तिथे लॅपटॉपची स्क्रीन धरून दोनच चित्रं मिळतात. २०१२ च्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे तुमच्या एचडी ४००० मध्ये, तीन. २०१३ च्या चौथ्या पिढीपासून पुढेही बरीच वर्षं तीनच राहिले आणि २०२० च्या अकराव्या पिढीत चार झाले. इंटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरच्या पानावर किती डिस्प्ले चालतात तो आकडा दिलेला असतो. जुन्या लॅपटॉपसाठी काहीही विकत घेण्याआधी तो आकडा बघावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

मग तुमच्याकडे तीन पाइप असताना तिसरी स्क्रीन का लागत नाही? कारण या पिढीत आणखी एक अट आहे, आणि ती खोक्यावर कुठे लिहिलेली नसते. पाइपमधून निघालेलं चित्र ठरावीक ठेक्याने बाहेर पाठवावं लागतं. तो ठेका देणारं घड्याळ चिपमध्ये वेगळं असतं. व्हीजीए, एचडीएमआय आणि जुन्या पद्धतीच्या एलव्हीडीएस जोडणीची लॅपटॉप स्क्रीन, या तिघांनाही आपापला ठेका लागतो. एचडी ४००० सोबतच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीला बसवलेल्या चिपमध्ये, अशी घड्याळं दोनच आहेत. त्यामुळे पाइप तीन असूनही या तिघांतले कुठलेही दोनच एका वेळी पेटतात. डिस्प्लेपोर्टची गोष्ट वेगळी. त्याचा वेग ठरलेला असल्याने अनेक डिस्प्लेपोर्ट मॉनिटर एकच घड्याळ वाटून घेऊ शकतात. म्हणूनच त्या पिढीच्या ज्या लॅपटॉपवर दोन स्क्रीन डिस्प्लेपोर्टवरून लावता येत त्यांना तीन स्क्रीन चालवणं जमू शकलं आणि त्याच प्रोसेसरच्या, पण एलव्हीडीएस स्क्रीन आणि फक्त व्हीजीए-एचडीएमआय असलेल्या लॅपटॉपना जमलं नाही.

एएमडीच्या ज्या चिपवर २००९ पासून अनेक मॉनिटर चालवण्याची सोय आली, तिथेही असंच होतं. एचडीएमआय, डीव्हीआय, व्हीजीए मिळून दोन, आणि तिसरा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवरच. तो डिस्प्लेपोर्टचा नसेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे संकेत स्वतः बदलून देणारा, ॲडॅप्टर लावावा लागे. साधा पॅसिव्ह ॲडॅप्टर लावून तिसरा मॉनिटर काळाच राहिल्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

तुमच्याकडे नेमकं असंच आहे का, हे दहा मिनिटांत कळेल. दोन्ही मॉनिटर जोडा, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपची स्क्रीन निवडा आणि ती डिस्कनेक्ट करा. मग उरलेल्या दोघांना एक्स्टेंडवर टाका. दोन्ही मॉनिटर स्वतंत्र चित्रांसह चालू झाले, की केबल, पोर्ट आणि मॉनिटर सगळे ठीक आहेत आणि अडचण वर सांगितलेल्या मर्यादेचीच आहे, हे नक्की झालं. आणखी खोलात जायचं असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा; इन्स्टॉल करायची गरज नाही. त्यात 'सिस' फोल्डरमधल्या 'क्लास'च्या आत 'डीआरएम' नावाचं फोल्डर असतं. तिथल्या नावांत लॅपटॉपच्या स्क्रीनपुढे एलव्हीडीएस लिहिलेलं असेल, तर ती त्या दोन घड्याळांतलं एक घेणारच. ईडीपी (लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनसाठीचा डिस्प्लेपोर्ट) लिहिलेलं असेल तर आशा आहे, कारण त्या जोडणीला बहुधा प्रोसेसरमधलं वेगळं घड्याळ मिळतं. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेला इंटेलचा शेवटचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकून तिन्ही स्क्रीन पुन्हा एकदा लावून बघाव्यात.

स्क्रीन एलव्हीडीएसची निघाली तर तुमच्यापुढे दोनच सरळ मार्ग उरतात. एक, लॅपटॉपची स्क्रीन बंद ठेवून बाहेरचे दोन मॉनिटर वापरणं. दोन, एक मॉनिटर यूएसबी डिस्प्ले ॲडॅप्टरवर नेणं.

पहिला मार्ग मी आधी सुचवतो, आणि तो नाइलाज म्हणून नाही. २४ इंची दोन मॉनिटर समोर आल्यावर १५ इंची, बहुधा कमी रिझोल्यूशनची तिसरी स्क्रीन किती वापरली जाते ते आठवडाभर पाहा. माझ्या पाहण्यात बहुतेकांची नजर तिच्याकडे फारशी वळत नाही. अक्षरांचा आकार वेगळा, उंची वेगळी, मान सतत खाली. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'झाकण बंद केल्यावर काहीही करू नका' हा पर्याय चार्जरवर असतानासाठी निवडा, वेगळा कीबोर्ड आणि माउस लावा, आणि लॅपटॉप बाजूला ठेवून द्या. एवढीच काळजी घ्या: काही लॅपटॉपची गरम हवा बिजागरीकडून बाहेर पडते किंवा थंड हवा कीबोर्डच्या फटींतून आत जाते. झाकण पूर्ण बंद केलं की तो मार्ग आक्रसतो. तुमचा पंखा सतत जोरात फिरू लागला तर झाकण अर्धवट उघडं ठेवा. स्क्रीन सेटिंगमधून बंद केलेली असली की पाइपही घेत नाही आणि घड्याळही. इतक्या वर्षांच्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साचलेली असतेच, ती या निमित्ताने साफ करून घ्या.

तिन्ही स्क्रीन खरोखर हव्या असतील तर यूएसबी ॲडॅप्टर. याची पद्धत पूर्ण वेगळी आहे, म्हणून तो पाइप आणि घड्याळ या दोन्ही अडथळ्यांना बगल देतो. लॅपटॉपमध्ये बसवलेला ड्रायव्हर एक काल्पनिक मॉनिटर तयार करतो. त्यावरचं चित्र प्रोसेसर दाबून लहान करतो, यूएसबीवरून फाइल जावी तसं पाठवतो, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाची चिप ते उलगडून मॉनिटरला देते. डिस्प्लेलिंक हे यातलं सर्वाधिक परिचित तंत्र.

चित्र का दाबावं लागतं, याचा हिशोब करून बघा. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ६० वेळा. हे होतं सुमारे ३७ कोटी बाइट, म्हणजे जवळपास ३ गिगाबिट दर सेकंदाला. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ०.४८ गिगाबिट आहे आणि यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. यूएसबी २.० वर हा ॲडॅप्टर लावला तर माउस हलवतानाही अडखळ जाणवू शकते. तुमच्या सुदैवाने इंटेलच्या चिपसेटमध्ये यूएसबी ३.० पहिल्यांदा आलं ते २०१२ च्याच पिढीत, तेव्हा तीनपैकी किमान एक पोर्ट तसा असण्याची शक्यता चांगली आहे. त्याच्या आत बहुधा निळी पट्टी असते किंवा शेजारी एसएस ही अक्षरं असतात. ॲडॅप्टर थेट त्याच पोर्टमध्ये लावा. मध्ये हब नको, आणि त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क तर नकोच.

या ॲडॅप्टरकडून काय अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट सांगतो. मेल, कागदपत्रं, स्प्रेडशीट, प्रोग्रॅमिंग, चॅटच्या खिडक्या, म्हणजे जिथे चित्र फारसं हलत नाही तिथे तो उत्तम चालतो आणि फरक कळतही नाही. कारण चित्राचा बदललेला भागच पाठवावा लागतो. पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ लावला की दर क्षणी सगळं चित्र बदलतं, मग दोन कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर ताण येतो, पंखा फिरू लागतो, आणि बाकीची कामंही मंदावतात. गेम त्यावर खेळू नयेत. पैसे भरून पाहायच्या सेवांचे कॉपी-संरक्षित व्हिडिओ त्या स्क्रीनवर काळे दिसू शकतात. म्हणून मॉनिटरची वाटणी अशी करा: मुख्य काम आणि व्हिडिओ एचडीएमआयच्या मॉनिटरवर, आणि शांत, वाचायच्या गोष्टी यूएसबीच्या मॉनिटरवर. तुमच्या बाबतीत मग व्हीजीए वापरायची गरजच उरत नाही: लॅपटॉपची स्क्रीन आणि एचडीएमआय यांना दोन घड्याळं, आणि तिसरं चित्र यूएसबीवरून.

घेताना खोक्यावरच्या नावापेक्षा आतली चिप कोणाची आहे ते विचारा, आणि त्या चिपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का ते आधी पाहा. हे काम ड्रायव्हरवरच तरलेलं आहे. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर तो टाकायची परवानगी आहे का हेही विचारा. नसेल तर हा मार्ग बंदच. लिनक्सवर जमतं, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की ड्रायव्हरचा भाग पुन्हा बसवावा लागू शकतो, तेव्हा थोडी सवय हवी.

यूएसबी-सी ते एचडीएमआय असे छोटे ॲडॅप्टर मिळतात, ते तुमच्यासाठी नाहीत. ते डिस्प्लेपोर्टचा संकेत यूएसबी-सीच्या आकाराच्या पोर्टमधून बाहेर काढतात. ही सोय २०१४ मध्ये ठरली. तुमच्या लॅपटॉपच्या साध्या यूएसबीमध्ये तो संकेत मुळात नाहीच. अनेक डॉकिंग स्टेशनचंही तसंच. काही डॉक यूएसबी-सीवर अवलंबून असतात, काही लॅपटॉपच्या तळाला बसणारे असतात आणि चिपकडूनच चित्र घेतात, म्हणजे चिपची मर्यादा त्यांनाही लागू. काहींच्या आत वर सांगितलेली यूएसबीची चिप असते. तुमच्या उपयोगाचे फक्त हे शेवटचे. मात्र व्यवसायासाठी बनवलेल्या मालिकेतला लॅपटॉप असेल तर तळाला डॉकचा कनेक्टर आहे का ते जरूर बघा. अशा डॉकवर अनेकदा डिस्प्लेपोर्ट असतो, आणि मग घड्याळाची अडचण डिस्प्लेपोर्टच्या मार्गाने सुटू शकते.

डिस्प्लेपोर्ट असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट. २०१० च्या डिस्प्लेपोर्ट १.२ पासून एकाच पोर्टमधून अनेक स्वतंत्र चित्रं पाठवता येतात. याला एमएसटी म्हणतात. त्यासाठीचा हब स्प्लिटरसारखाच दिसतो, पण खरोखर वेगळी चित्रं देतो. पाइपची संख्या मात्र तो वाढवत नाही, आणि मॅकओएसवर त्यातून एक्स्टेंड होत नाही, दोन्हीकडे एकच चित्र येतं. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाची वेगळी चिप असेल तर एचडीएमआय पोर्ट तिला जोडलेला आहे की इंटेलच्या चिपला, यावर पूर्ण हिशोब बदलतो. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये प्रत्येक मॉनिटरपुढे चिपचं नाव येतं, तिथे बघा.

तुम्ही झाकण बंद करण्याचा मार्ग घेतलात तर व्हीजीए वापरावाच लागेल, म्हणून त्याबद्दल. फुल एचडीला व्हीजीए पुरतो, पण तो ॲनालॉग आहे. लांब किंवा पातळ केबलवर अक्षरांच्या कडा पसरतात. केबल छोटी आणि जाड घ्या, आणि मॉनिटरवर ऑटो ॲडजस्टचं बटण एकदा दाबा, तेही स्क्रीनभर मजकूर उघडलेला असताना. मॉनिटर फुल एचडी असून सेटिंगमध्ये १०२४ गुणिले ७६८ च्या वर पर्याय दिसत नसतील तर केबल बदलून बघा; काही स्वस्त केबलमध्ये मॉनिटरची माहिती वाहून नेणाऱ्या पिना जोडलेल्याच नसतात. मॉनिटरला व्हीजीए नसेल तर व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. तो संकेत बदलतो, म्हणून त्याला वीज लागते. सोबत यूएसबीची शेपटी असलेलाच घ्या. ॲडॅप्टरची दिशाही तपासा. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची केबल उलटी लावून चालत नाही, आणि या चुकीत मॉनिटर खराब असल्याचा समज सहज होतो.

एचडीएमआयवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील किंवा अक्षरं धूसर दिसत असतील तर मॉनिटर त्या संकेताला टीव्हीसारखं वागवतो आहे. मॉनिटरच्या मेनूमध्ये ओव्हरस्कॅन बंद करा. काळा रंग करडा दिसत असेल तर इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रंगांची मर्यादा 'फुल रेंज' करा.

मेमरीकडेही लक्ष द्या. तुमच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते लॅपटॉपच्याच रॅममधून प्रत्येक स्क्रीनचं चित्र सतत वाचतं. एका फुल एचडी स्क्रीनसाठी हे वाचन सेकंदाला साधारण ५०० एमबी होतं, कारण मेमरीत प्रत्येक ठिपका ४ बाइट घेतो. रॅमची एकच कांडी असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल तर तिथे जुळणारी दुसरी कांडी घाला. दोन वाटांनी वाचन सुरू झालं की स्क्रीन वाढल्यावर जाणवणारा जडपणा बराच कमी होतो. माझ्या मते यूएसबी ॲडॅप्टरच्या आधी हा खर्च करावा.

तेव्हा क्रम असा ठेवा: आज लॅपटॉपची स्क्रीन बंद करून दोन्ही मॉनिटर लावून बघा, आठवडाभर तसंच काम करा, मग रॅम, आणि तरीही तिसऱ्या स्क्रीनची उणीव भासली तरच यूएसबी ॲडॅप्टर. तुमच्या डोक्यात पुढे फोर-के मॉनिटर असेल तर मात्र या लॅपटॉपवर काहीच खर्च करू नका. या पिढीत एचडीएमआयवर १९२० गुणिले १२०० च्या पुढे जाता येत नाही. फोर-के ६० हर्ट्झवर चालवायला डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० लागतं. त्यासाठी नंतरच्या पिढीचा, ही क्षमता आणि डिस्प्लेपोर्ट असलेला वापरलेला लॅपटॉपही तुमचं काम भागवेल.